वैशाखात भरायचं, अश्विनात तपासायचं

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याची परीक्षा उघड्यावर होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेनं उभ्या असतात. लिलाव पुकारणारा आणि त्याच्यामागून व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी थांबतो. कुणी वरचा कांदा उचलून मान दाबतो, कुणी हात खोल घालून खालचा काढतो, पत्ती चोळून बघतो. मान ओली आहे का, जोडकांदे किती, फुलदांडा आलेले डेंगळे किती, बारीक गोल्टी मिसळली आहे का, काळ्या बुरशीची काजळी धरली आहे का, हे सारं काही क्षणांत बघून होतं आणि क्विंटलचा भाव ठरतो. १९४७ साली स्थापन झालेल्या या बाजार समितीनं आसपासच्या शेतकऱ्यांना पिढ्यान् पिढ्या एक गोष्ट शिकवली आहे. आपला माल चारचौघांसमोर तपासला जाणार हे ठाऊक असलं, की काढणीपासूनच हात जपून चालतो.

याच शेतकऱ्यांच्या घरांवर चैत्र-वैशाखात दुसरी टिकवण चालू असते. गच्चीवर जुन्या धुतलेल्या साड्या अंथरलेल्या, त्यांवर कुरडया, उडदाचे पापड, बाजरीच्या खारोड्या, मुगाचे सांडगे. एका कोपऱ्यात उभा चिरलेला कांदा काळ्या मसाल्यासाठी वाळत टाकलेला. खाली स्वयंपाकघरात कैरीच्या फोडी हळद-मिठात मुरत असतात. इथलं कौशल्य कांदाचाळ भरण्याच्या कौशल्यापेक्षा तसूभरही कमी नाही. पण त्याची परीक्षा होते ती पंगतीत, तळून झाल्यावर, "छान फुललीय हो" एवढ्या दोन शब्दांत. कुरडई का फुलली, शेजारणीची का चिवट राहिली, यंदाचं लोणचं भाद्रपदातच का बुरसलं, याची नोंद कुठेच होत नाही. मला ही फार मोठी उणीव वाटते. ज्या कामाची नोंद होत नाही ते शिकवता येत नाही, आणि जे शिकवता येत नाही ते एका सासूबरोबर किंवा एका आजीबरोबर संपून जातं.

उत्तर अमेरिकेच्या खेड्यांनी या उणिवेवर एक उपाय काढला. तिथे सुगी संपत आली की, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गावोगाव कृषी जत्रा भरतात. कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या विंडसरची जत्रा १७६५ सालापासूनची, म्हणजे आपल्याकडे थोरले माधवराव पेशवे होते तेव्हाची. गुरं, घोडे, भोपळे यांच्या स्पर्धा असतातच, पण एका मंडपात लांबलचक टेबलांवर नुसत्या बरण्या मांडलेल्या असतात: जॅम, लोणची, चटण्या, मुरवलेली काकडी. पलीकडे घरी भाजलेले पाव आणि केक. प्रत्येक पदार्थाचा वर्ग वेगळा, प्रत्येक वर्गाचे नियम छापलेले. परीक्षक चव नंतर घेतात. आधी बरणी उजेडाकडे धरून रस नितळ आहे का, फळाचे तुकडे सारख्या आकाराचे आहेत का, ते वर तरंगतात की सगळीकडे सारखे पसरले आहेत, हे पाहतात. झाकण घट्ट बसलं आहे का, बरणीच्या तोंडाशी जागा किती सोडली, चिठ्ठीवर पदार्थ आणि तारीख आहे का, हेही पाहतात. कित्येक ठिकाणी झाकण नीट बसलेलं नसेल तर ती बरणी चाखतसुद्धा नाहीत, सरळ बाद. कॅनडात पहिल्या क्रमांकाला लाल फीत लावतात, अमेरिकेत निळी. पण फितीहून मोलाची असते परीक्षकानं कार्डावर लिहिलेली टिपणी. 'पाक जास्त आटला', 'मीठ कमी', 'फोडी मऊ पडल्या' अशी एक ओळ. पुढच्या वर्षीची बरणी त्या ओळीवरून सुधारते.

या जत्रांमागे एक शिक्षणाची चळवळही उभी राहिली, आणि तिची सुरुवात एका आईच्या दुःखातून झाली असं सांगतात. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या ॲडलेड हूडलेस यांचं तान्हं मूल १८८९ साली गेलं. दूषित दुधामुळे ते गेलं असा त्यांचा समज झाला. स्वयंपाकघरातलं ज्ञान बाईला कुणी शिकवतच नाही, हे त्यांनी त्यानंतर जन्मभर सांगितलं. १८९७ साली स्टोनी क्रीक या गावी शेतकऱ्यांच्या बायकांची पहिली विमेन्स इन्स्टिट्यूट सुरू झाली ती त्यांच्याच प्रेरणेनं. १९१५ साली ही चळवळ ब्रिटनमध्ये पोहोचली आणि गावोगावच्या बायकांनी बरण्या भरण्याचं आणि बरण्या तपासण्याचं रीतसर शिक्षण घेतलं. परीक्षक होण्यासाठीही शिकावं लागतं, हा विचार मला फार आवडतो.

त्याही आधीची गोष्ट निकोला आपेर या फ्रेंच मिठाईवाल्याची. अन्न बाटलीत भरून, बूच पक्कं बसवून, उकळत्या पाण्यात ठेवलं तर ते महिनोन् महिने टिकतं, हे त्यानं वर्षानुवर्षांच्या खटपटीतून शोधलं. १८१० साली फ्रेंच सरकारनं त्याला १२,००० फ्रँकचं इनाम दिलं. अट एकच, कृती छापून सगळ्यांसाठी खुली करायची. त्यानं ती छापली. अन्न का टिकतं हे त्याला ठाऊक नव्हतं. सूक्ष्मजीवांचं कारण लुई पाश्चर यांनी पुढे पन्नासेक वर्षांनी उलगडलं. पण कृती लिहिलेली होती म्हणून ती जगभर गेली, आणि आजचा सगळा डबाबंद अन्नाचा उद्योग त्या कागदावर उभा आहे. बक्षिसाच्या बदल्यात कृती लिहून द्यायची, ही अट मला लासलगावसाठी हवी आहे.

आपल्याकडे स्पर्धा नाहीत असं नाही. कृषी विभागाची पीक स्पर्धा आहे. तीत समितीसमोर कापणी करून उत्पादन मोजतात आणि तालुका, जिल्हा, राज्य अशा पातळ्यांवर बक्षिसं देतात. पाककला स्पर्धा तर नवरात्रात, महिला दिनाला, हळदी-कुंकवाला गल्लोगल्ली होतात. पण पाककला स्पर्धेत ताट त्याच दिवशी रांधतात आणि त्याच दिवशी चाखतात. सजावटीला गुण, चवीला गुण, नावीन्याला गुण. वाळवणाचा आणि लोणच्याचा खरा गुण काळात आहे, आणि एका दुपारच्या स्पर्धेत काळ कसा तपासणार? मुंबईचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन किंवा पुण्याची भीमथडी जत्रा इथे बचत गटांच्या बायका पापड-कुरडया घेऊन येतात, विक्री चांगली होते. तिथे गिऱ्हाईक हाच परीक्षक असतो. तो पुन्हा आला तर माल चांगला, नाही आला तर का नाही आला हे कळायला मार्ग नसतो.

नियमानं तपासणी केली तर काय होतं याचं आपल्या घरचं उदाहरण लिज्जतचं आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पुढे काम वाढलं तेव्हा त्यांनी एक पद्धत बसवली. पीठ केंद्रावर मळायचं, सभासद बहिणींनी ते घरी नेऊन लाटायचं, वाळवून परत आणायचं, आणि केंद्रावर ते तपासून घ्यायचं. लाटणारे हात हजारो, पण माप एक. ते माप सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच वेगवेगळ्या घरांत लाटलेला पापड एकाच पापडासारखा लागला.

आता माप कसं असावं हे पाहायला आधी लासलगावच्या मोठ्या टिकवणीकडे, म्हणजे कांदाचाळीकडे जाऊ. उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो आणि दिवाळीपर्यंत पुरवावा लागतो. त्याचं नुकसान तीन वाटांनी होतं: पाणी उडून वजन घटतं, सड लागते आणि कोंब फुटतो. बरीवाईट चाळ आणि पाऊसपाणी यांनुसार चार-सहा महिन्यांत तिसरा हिस्साही हातचा जाऊ शकतो. म्हणून काढल्यावर कांदा पातीसकट शेतातच काही दिवस सुकवतात, एका ओळीच्या पातीनं दुसऱ्या ओळीचा कांदा झाकून. पातीतला रस कांद्यात उतरतो, मान मिटते. मग बोट-दीड बोट मान ठेवून पात कापतात, सावलीत पुन्हा सुकवतात आणि मग चाळीत भरतात. चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला, भिंती फटींच्या, थर पाच फुटांच्या आसपास. वारा तळातून शिरून वरून निघाला पाहिजे. पंचवीस ते तीस अंश तापमान आणि मध्यम दमटपणा कांद्याला मानवतो. दहा ते वीस अंशांच्या गारव्यात मात्र त्याला कोंब फुटायची घाई होते, म्हणून अर्धवट थंड खोली चाळीपेक्षा वाईट.

कोंबावरचा इलाजही लासलगावातच उभा आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' हे विकिरण केंद्र इथे २००२ साली सुरू झालं. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांची ६० ते ९० ग्रे इतकी अल्प मात्रा कांद्याला दिली की कोंबाच्या टोकाशी पेशींचं विभाजन थांबतं. कांदा किरणोत्सारी होत नाही. पण हे काढणीनंतर, कांदा झोपेत असतानाच करावं लागतं. एकदा कोंब चाळवला की उपयोग नाही. सड आणि वजनातली घट यांवर या मात्रेचा इलाज चालत नाही, त्यासाठी चाळच चांगली हवी. २००७ साली अमेरिकेनं भारतीय आंब्याला दारं उघडली तेव्हा कोकणातला हापूस याच केंद्रात येऊन, किडीच्या बंदोबस्तासाठी किमान ४०० ग्रे मात्रा घेऊन, पुढे गेला. ज्या गावात ग्रेमध्ये मात्रा मोजली जाते त्या गावाला कुरडईची ओल मोजणं अवघड का जावं?

कुरडई हा मला वाळवणातला सगळ्यांत देखणा आणि सगळ्यांत शिकवणारा पदार्थ वाटतो. गहू तीन दिवस भिजत घालतात, रोज पाणी बदलतात. पाण्यात आंबवणारे जिवाणू वाढतात, आंबूस वास येतो, दाणा सैल पडतो आणि चिकाला चोथ्यापासून सहज सोडवता येतं. चौथ्या दिवशी वाटून, पिळून, गाळून चीक तळाशी बसू देतात. वरचं पिवळसर पाणी ओतून टाकतात. हे पाणी नीट नितळलं नाही तर कुरडई काळपट पडते. मग मीठ आणि हिंग घातलेल्या आधणात चीक घालून एकसारखं हाटत शिजवतात, गुठळी होऊ न देता. शिजताना पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात आणि चीक पारदर्शक होतो. गरम असतानाच सोऱ्यातून पाडायची. गार झाला की तो सोऱ्यातून उतरत नाही.

उन्हात हा फुगलेला चीक आक्रसून काचेसारखा कडक होतो. पण त्यात थोडी ओल राहतेच, आणि राहायलाच हवी. साध्या पापडातही ती बारा-पंधरा टक्क्यांच्या घरात असते. कढत तेलात त्या उरलेल्या ओलीची वाफ होते, नेमकं त्याच क्षणी कडक पिष्ट मऊ पडतं, आणि वाफ त्याला आतून फुगवते. ओल फार राहिली तर कुरडई तेल पिते आणि चिवट होते, फार उडाली तर फुलायला वाफच नसते. जाड खारोडीत आणि सांडग्यात आणखी एक धोका आहे. कडक उन्हात वरची कवची लवकर वाळून घट्ट होते आणि आतली ओल आतच अडकते. हाताला सांडगा खणखणीत लागतो, डबा भरला जातो, आणि आषाढात झाकण उघडलं की बुरशी. म्हणून अनुभवी बाई सांडगा वाळला का हे वरून बघत नाही, मधोमध मोडून बघते. परीक्षकानंही तेच करावं.

लोणच्याचं शास्त्र वेगळं आहे. कैरी स्वभावतःच इतकी आंबट असते की बहुतेक घातक जिवाणूंना तिच्यात थारा नसतो. भरपूर मीठ फोडींतलं पाणी ओढून घेतं, मोहरीचा झणझणीतपणा जिवाणूंना रोखतो आणि वरचा तेलाचा थर बुरशीला लागणारी हवा तोडतो. हे सगळं मिळून आजीचं लोणचं वर्ष काढतं. पण लासलगावात कांद्याचंही लोणचं घालतात, आणि इथे मला थोडं बजावून सांगावंसं वाटतं. आंबटपणा मोजायच्या सामू नावाच्या पट्टीवर कैरी तीनच्या आसपास येते, कांदा पाच-साडेपाचच्या पुढे आणि लसूण त्याहूनही वर. ४.६ ही या पट्टीवरची लक्ष्मणरेषा आहे. तिच्यावर, हवा नसलेल्या जागी, बोट्युलिझमचे जिवाणू वाढून जीवघेणं विष तयार करू शकतात, आणि ते वासाला किंवा चवीला कळेलच असं नाही. म्हणजे कैरीला संरक्षण देणारा तेलाचा थर आंबट न केलेल्या कांदा-लसणाला उलट धोक्यात टाकतो. कांद्याच्या लोणच्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर भरपूर हवं, ते फोडींच्या आतपर्यंत मुरायला हवं. नाहीतर ते लोणचं शीतकपाटात ठेवून चार दिवसांत संपवावं. सामू दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतात. स्पर्धेच्या टेबलावर त्या असल्याच पाहिजेत. चव कितीही अप्रतिम असो, पट्टीनं नापास केलेली बरणी चाखायची नाही, हा पहिला नियम.

वाळवलेल्या कांद्याचंही सांगायला हवं. लासलगावच्या कांद्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते त्याच्या रंगाबद्दल, तिखटपणाबद्दल आणि टिकाऊपणाबद्दल. पण वाळवून चकत्या आणि भुकटी करायला कारखाने पांढरा कांदा घेतात, कारण त्यात घन भाग जास्त असतो. गुजरातेत महुव्याला आणि आपल्याकडे जळगावला तो उद्योग त्यावर चालतो. लाल कांदा घरी वाळवला तर सोलून-चिरून दहा किलोमागे किलो-सव्वा किलो हाती येतो. काळ्या मसाल्याला तेवढा पुरतो, आणि खोबऱ्यासोबत तो भाजताना जो वास सुटतो त्याला पांढऱ्या कांद्यात जोड नाही, असं माझं मत आहे. वाळवण्यालाही जगाच्या स्पर्धेत मान मिळू शकतो, हे छत्रपती संभाजीनगरच्या एस फॉर एस टेक्नॉलॉजीज या कंपनीनं दाखवलं आहे. तिच्या सौर वाळवणी यंत्रांवर शेतकरी बायका कांदा, टोमॅटो आणि इतर भाज्या वाळवतात. २०२३ साली या कामाला अर्थशॉट पारितोषिक मिळालं.

तर लासलगावची स्पर्धा कशी असावी? दोन ऋतूंची. वैशाखात प्रत्येकीनं आपला डबा किंवा बरणी समितीकडे द्यायची, वजन करून, मोहोर लावून. सोबत कृती लिहून द्यायची, वाटी-मुठीऐवजी ग्रॅममध्ये: गहू किती, मीठ किती, पाणी किती वेळा बदललं, ऊन किती दिवस दिलं. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'नं १९७० साली वाटी-चमच्याचं माप घराघरांत पोहोचवलं, त्यानं लाखो मुली स्वयंपाक शिकल्या. आता एक पाऊल पुढे जाऊन वजनकाटा आणू. डबे पावसाळाभर एका साध्या खोलीत राहू द्यायचे, गार नाही, कोरडी केलेली नाही, अगदी आपल्या स्वयंपाकघरासारखी. अश्विनात, नवरात्रात, चाळी रिकाम्या व्हायला लागतात आणि नव्या लाल कांद्याचे वेध लागतात, तेव्हा सगळ्यांसमोर मोहोर तोडायची. पुन्हा वजन: पावसाळ्यात किती ओल ओढली? मग मोडून आतून पाहायचं. मग एकाच कढईत, एकाच तापाच्या तेलात तळायचं, आणि तळण्याआधीचा व नंतरचा घेर पट्टीनं मोजायचा. चव सगळ्यांत शेवटी.

परीक्षक चार असावेत: गृहविज्ञान शिकवलेल्या एक शिक्षिका, मुक्त विद्यापीठाच्या नाशिकच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या एक तज्ज्ञ, बाजार समितीत वर्षानुवर्षं कांदा हाताळलेले एक व्यापारी, आणि गावातल्या एखाद्या आजी, ज्यांना सांडगा मोडल्याच्या आवाजावरून ओल कळते. आजींनी जे ऐकलं ते शिक्षिकेनं लिहून घ्यावं. प्रत्येक डब्यासोबत टिपणीचं कार्ड परत जावं, हरलेल्या डब्यासोबत तर नक्कीच. विजेत्या कृती बाजार समितीच्या फलकावर लागाव्यात, भावफलकाच्या शेजारी. ज्यांना विक्री करायची असेल त्यांच्यासाठी त्याच मंडपात अन्नसुरक्षा नोंदणीचा अर्ज भरून घेणारं एक टेबल असावं, आणि २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेची माहिती देणारं दुसरं, कारण बचत गटातल्या सदस्याला त्या योजनेतून ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल मिळू शकतं.

पहिल्या वर्षी तीनच वर्ग पुरेत: गव्हाची कुरडई, कांद्याचं लोणचं आणि काळा मसाला. खारोड्या, सांडगे, पापड दुसऱ्या वर्षी घ्यावेत, परीक्षकांचा हात बसल्यावर. मुरंबा आणि साखरांबा यांचा वर्ग तिसऱ्या वर्षी, कारण त्यात पाकाची घनता मोजायला वेगळं उपकरण लागेल आणि ते वापरायला आधी शिकावं लागेल.